हातावरचा हात

ग्लोव्हजमधल्या पावडरचा वास आला की उल्हासनगरची ती लेबर रूम आठवते. मी तेव्हा शिकाऊ नर्स होते. बाळाचं डोकं बाहेर येताना सिनिअर सिस्टर माझ्या हातावर हात ठेवून म्हणायच्या, "घाई नको गं, येऊ दे त्याला." त्या दुपारी त्यांनी हात हळूच काढून घेतला आणि बाळ माझ्या एकटीच्या हातात आलं. बाळाला पुसून आईजवळ दिलं, सगळं आवरलं आणि सिस्टरांना सांगायला हौसेनं बाहेर आले, तर सिस्टर बदलापूरच्या रिक्षात बसून गेल्यासुद्धा होत्या. वॉर्डातल्या मावशींनी झाकून ठेवलेला केकचा तुकडा पुढे केला. "रिटायर झाल्या त्या आज. तुला आधी सांगू नका म्हणाल्या, हात थरथरेल तुझा." आता मी विद्यार्थिनीच्या हातावर हात ठेवते, तर ती म्हणते, "मॅम, सोडा ना, मला जमेल." हात ठेवायला सिस्टरांनी शिकवलं, तो काढायचा कधी, हे विचारायचं राहूनच गेलं.