बॉनेटवर तीन थापा

ट्रक चालू करण्याआधी गेनूभावजी बॉनेटवर उघड्या हातानं तीन थापा मारायचे आणि ओरडायचे, "उठा रं, गाडी निघाली!" ट्रकच्या सावलीला कोंबड्या, कुत्री, शेळीची करडं बसलेली असायची. ती सगळी बाहेर आली, की भावजी वाकून चाकांखाली बघायचे आणि मगच वर चढायचे. शेजारी बसलेलं माणूस वैतागायचं. त्याला त्यांचं उत्तर ठरलेलं होतं, "घाई असंल त्यानं चालत जावं."

ते माझे धाकटे दीर. बायको लवकर गेली, मूलबाळ नव्हतं, जेवायला आमच्यातच असायचे. लांब नाकाडाच्या जुन्या ट्रकमधून त्यांनी मुळशीच्या खोऱ्यातून पेंढा, विटा, कौलं वाहिली. ट्रक कायमचा बंद पडला तो आमच्या खळ्याच्या कडेला, करंजाखाली. पण हाताची सवय सुटली नाही. माझ्या मुलानं, संतोषनं नवी मोटार आणली, तर तिच्यावरही तीन थापा बसल्या.

"तात्या, पत्रा चेपतोय!" संतोष ओरडला.

"चेपला तर चेपला. खाली कुणी चेपलं न्हाई ना, ते बघ."

माणूस चांगला होता म्हणून मी हे लिहीत नाही. तोंडानं फटकळ होते, तंबाखू खाऊन भिंती रंगवायचे, आणि तरुणपणी त्यांच्यासारखा फासेवाला आमच्या भागात दुसरा नव्हता. पाळलेला बोलका तित्तिर पिंजऱ्यात घालून माळावर न्यायचा, सभोवती घोड्याच्या केसांचे फासे मांडायचे आणि लांब जाऊन बसायचं. पिंजऱ्यातला ओरडला, की रानातला भांडायला धावत येतो आणि फाशात अडकतो. भावजी म्हणायचे, "तित्तिर उडायला आळशी, पण भांडायला पयला." या कामाला एकच नेम होता. अंड्यांच्या दिवसांत फासे मांडायचे नाहीत.

तो नेम त्यांनी एकदा मोडला. त्यांचे मेव्हणे अचानक आले आणि घरात कालवणाला काही नव्हतं. भावजींनी दुपारी फासे मांडले आणि दोन पक्षी आणून माझ्यापुढे टाकले. मी पिसं काढायला बसले. दुसऱ्याच्या पोटाला हात लावला, तर तिथं पिसंच नव्हती. अंड्यांवर बसणाऱ्या मादीच्या पोटाची पिसं गळतात आणि कातडी उघडी पडते. अंड्यांना ऊब लागावी म्हणून ते तसं असतं.

मी म्हणाले, "भावजी, ही अंड्यावरची हाय."

त्यांनी येऊन बोट लावून बघितलं. पायात वहाण न घालता माळावर निघून गेले. मी मसाला वाटून ठेवला होता. मी शिजवली.

भावजी परत आले ते दुसऱ्या दिवशी उजाडताना. टोपीत सहा अंडी होती. आमची एक कोंबडी खुडूक होऊन बसली होती, तिच्याखाली त्यांनी ती ठेवली. बावीस दिवस रोज कोंबडी उचलून बघायचे. एकही फुटलं नाही. तेविसाव्या दिवशी त्यांनी फासे माझ्या चुलीत घातले. केस जळाल्याचा वास दोन दिवस घरात होता. त्यानंतर तो विषय त्यांनीही काढला नाही आणि मीही नाही.

गेल्या उन्हाळ्यात संतोषनं खळ्याच्या जागेवर खोल्या बांधायला काढल्या. पिरंगुटला कारखान्यात कामाला येणाऱ्यांना भाड्यानं देणार. ट्रक भंगारात द्यायचा ठरला. भावजी स्वतःच म्हणाले, "न्या. त्यात आता उंदरं तेवढी बसत्यात." क्रेन सोमवारी यायची होती. त्याच्या आधल्या आठवड्यात भावजी सरपणाला गेले आणि हळूच मागं सरकत परत आले.

"वैनी, मागच्या चाकामागं गवतात तित्तिराची मादी बसलीया. आठ अंडी हायेत."

"मग?"

"मग क्रेन येनार न्हाई."

संतोष चिडला. "तात्या, माणसांनी घरं बांधायची का पाखरांनी?"

"दोगांनीबी. तिनं आदी सुरू केलंय."

संतोषनं क्रेन पंधरा दिवस पुढे ढकलली. भावजींनी करंजाखाली बाज टाकली आणि तिथंच मुक्काम केला. शेजारी खड्यांचा ढीग. मुंगूस दिसलं की खडा, कुत्रं आलं की खडा, कावळा बसला की खडा. मी भाकरी तिकडेच न्यायची. सत्तरी ओलांडलेला माणूस, दम्यानं छाती वाजतेय, आणि बसलाय उन्हात. मी म्हणाले, "भावजी, त्या अंड्यांपायी मरताल."

"मरंन. पर आदी ती फुटू द्या."

बाराव्या दिवशी त्यांना श्वास घेता येईना. संतोषनं गाडी काढली. आम्ही दोघांनी धरून त्यांना पुढच्या दारापाशी नेलं. एवढं होत असतानाही त्यांनी हात लांब करून बॉनेटवर थापा मारल्या. दोनच बसल्या, तिसरीला हात उचलला नाही. मग मला म्हणाले, "वैनी, बाज रिकामी ठेवू नका."

मला पाखराचं कौतुक नाही. माझा निम्मा जन्म पिसं काढण्यात गेला. पण मी बाजेवर जाऊन बसले. मादी गवतातून एका डोळ्यानं माझ्याकडे बघायची, मी तिच्याकडे. त्या जुन्या रात्रीचं कालवण मला आठवत होतं. चांगलं झालं होतं, हेही आठवत होतं.

ठरल्या दिवशी क्रेन आली. अंडी अजून फुटली नव्हती. संतोष म्हणाला, "आई, ऊठ. आता हा क्रेनवाला परत येनार न्हाई."

"मी उठत न्हाई. क्रेन आणलीच हायस, तर आदी मला उचल."

क्रेनवाला हसला. संतोष हसला नाही. क्रेन परत गेली आणि पोरगा दोन दिवस माझ्याशी बोलला नाही. तिसऱ्या दिवशी ऊन चढल्यावर गवत हललं. मादी बाहेर आली आणि तिच्यामागं सुपारीएवढी पिल्लं. जन्मल्या जन्मल्या पळत होती. मी मोजली. सात. मग जाऊन घरटं बघितलं. एक अंडं तसंच होतं. फोडलं, तर आत नुसतं पाणी.

संध्याकाळी दवाखान्यात गेले. भावजींच्या नाकाला नळी होती. डोळे उघडून त्यांनी विचारलं, "किती?"

"सात."

"आठ व्हती."

"एक नासकं निगालं. फोडून बगितलं मी."

मग म्हणाले, "त्या बारीला एकबी न्हाई."

"न्हाई. आन ती मादी मी शिजवली. हात लावला तवाच मला कळलं व्हतं, तरी शिजवली."

"मी खाल्ली न्हाई, वैनी."

"ठावं हाय. तुमचा वाटा मीच खाल्ला."

ते हसायला लागले. हसता हसता खोकला लागला आणि नर्स मला रागावली. मी उठले, तर त्यांनी माझं मनगट धरलं. दिरानं भावजयीचा हात धरायची आमच्यात रीत नाही. मी सोडवून घेतला नाही.

चौथ्या दिवशी ते गेले.

दहावं-तेरावं झाल्यावर क्रेन पुन्हा आली. ट्रकला साखळ्या लावल्या. गवत आधीच कापलं होतं, खाली काहीच नव्हतं, ते मला दिसत होतं. क्रेनवाल्यानं हात वर केला तेव्हा मी त्याला थांब म्हणाले. पुढं जाऊन गंजक्या बॉनेटवर तीन थापा मारल्या. हाताला पोपडे लागले.

"आजी, खाली कोन हाय का?"

"कोणी न्हाई."

"मग वाजवलं कशाला? मला उशीर होतोय."

"घाई असंल तर चालत जा," मी म्हणाले. मग वाकून चारी चाकांखाली बघितलं आणि बाजूला झाले.