अंतरपाट आणि स्कूटरचा बल्ब

आमच्या लग्नाच्या कॅसेटमध्ये अंतरपाट अजून दूर झालेला नाही. शेवटची मंगलाष्टका सुरू होते, पडदा काळा पडतो आणि एकदम जिलेबीची पंगत दिसते. लग्नांचे व्हिडिओ काढणं हा माझाच धंदा. कॅमेरा माझा, त्या दिवसापुरता मित्राच्या हातात दिलेला, आणि ऐन वेळी संपली ती बॅटरीही माझीच. "व्हिडिओवाल्याचंच लग्न अर्धवट," हे सासरी किती ऐकलं!

चांगली बॅटरी मध्येच मान का टाकते, हे बायकोने शोधलं. तिने इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा केलेला, हडपसरच्या कारखान्यात सर्किट बोर्ड तपासायची. त्या काळच्या बॅटऱ्या अर्ध्याच वापरून पुन्हा पुन्हा चार्ज केल्या की त्यांना तेवढ्याच कामाची सवय लागे. आधी रिकामी करायची, मग चार्ज. मी लगेच एका बॅटरीला स्कूटरचा बल्ब जोडून बाजारात गेलो. परत आलो तर बल्ब विझलेला आणि बॅटरी कायमची गेलेली.

"अहो, रिकामी करायची म्हणजे जीव घ्यायचा नाही. पाच व्होल्टला थांबायचं."

"मग मीटर धरून बसू का समोर?"

"तुम्ही नका बसू. चहा आला की उठाल."

तिच्या धाकट्या बहिणीचं लग्न तोंडावर आलं होतं. भाऊ सॉफ्टवेअरच्या नोकरीसाठी नुकताच अमेरिकेला गेलेला. त्याला लग्न दिसणार ते कॅसेटमध्येच. "माझ्या बहिणीचा अंतरपाट लटकता राहायचा नाही," असं म्हणून तिने पासोड्या विठोबाजवळच्या दुकानांतून सुटे भाग आणले. श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यात सर्किट बसवलं, बल्ब बाहेर. बॅटरी पाच व्होल्टवर उतरली की रिलेने, म्हणजे आपोआप चालणाऱ्या स्विचने, टक्‌ करून बल्ब बॅटरीपासून तोडायचा.

तोडला. पण ओझं उतरताच बॅटरी जराशी सावरली, रिलेने बल्ब पुन्हा जोडला, पुन्हा तोडला. डबा टकटकत सुटला. मला हसू आलं, तिला नाही. रविवारभर ती त्या डब्यासमोर बसली, आणि एकदा सुटलेला बल्ब हाताने बटण दाबल्याशिवाय लागूच नये, अशी सोय करून उठली. एवढी चिकाटी माझ्यात कधीच नव्हती. मला तिचा फार अभिमान वाटला आणि तसं मी बोललोही. ती म्हणाली, "आधी लग्न होऊ दे."

लग्न धायरीच्या कार्यालयात. मुलाकडच्या मावश्या आणि आत्यांनी प्रत्येकीने स्वतः रचलेली मंगलाष्टका आणली होती आणि एकीलाही थांबायची इच्छा नव्हती. मी मनात मिनिटं मोजू लागलो. बॅटरी मात्र शांत होती. अंतरपाट दूर झाला, तो पुरता माझ्या कॅमेऱ्यात.

घरी कॅसेट लावली तेव्हा कळलं. सगळा मांडव नवरानवरीकडे बघतोय. मागे उभी असलेली माझी बायको तेवढी कॅमेऱ्यावरच्या, शूटिंग चालू असल्याच्या लाल दिव्याकडे. अक्षता पडतात, तिची मूठ मिटलेलीच. दिवा विझत नाही अशी खात्री झाल्यावर ती हसते, आणि मूठभर अक्षता नवरानवरीऐवजी थेट माझ्यावर टाकते. कॅमेऱ्यावर तांदूळ आपटल्याचा आवाजही आलाय.

आमचा अंतरपाट तेव्हा दूर झाला, असं मी धरतो.