आठ दिवसांचं लोणचं

त्या बुधवारी ताईंचा फोन आला तेव्हा मी दौंडच्या बाजारात भाजी घेत होते. "रविवारी येताना व्हिनेगर आण गं. टमाट्याचा प्लॉट उपटायचा हाय, हिरवी लई राहिल्यात." मी आणते म्हटलं. फोन ठेवता ठेवता त्या म्हणाल्या, "आन् मागच्यासारखी बारकी बाटली नको आणू, चिक्कू कुठली!" आमचं हे शेवटचं बोलणं. शनिवारी पहाटे हे कुरकुंभहून नाइट शिफ्ट करून आले, बूट काढत होते, तेवढ्यात थोरल्या दिरांचा फोन आला. ताईंच्या छातीत कळ आली होती, आणि दवाखान्याच्या दारात गाडी पोचेपर्यंत सगळं संपलं होतं... रविवारसाठी भरून ठेवलेली पिशवी दाराशी होती, घाईत मी तीच उचलली. राहूला गावच्या घरात बायकांचा आक्रोश चालला होता आणि माझ्या पिशवीत साड्यांच्या घडीत व्हिनेगरची मोठी बाटली होती.

रंजनाताई माझ्या थोरल्या जाऊबाई. माहेर न्हावऱ्याचं, सासर राहूचं. उसात आणि कांद्यात वाढल्या, उसात आणि कांद्यातच नांदल्या. मी लग्न होऊन आले त्या आठवड्यातली गोष्ट. पंगत बसली होती, सासूबाईंनी लोणचं मागितलं. सासूबाईंना आम्ही दोघी आत्या म्हणतो. ताई माझ्या कानाशी येऊन म्हणाल्या, "बरणीतलं तू काढ. मला चालत न्हाई." मला वाटलं, महिन्याची अडचण असेल. पुढच्या आठवड्यात पुन्हा तेच, त्याच्या पुढच्या आठवड्यातही तेच. शेवटी मी विचारलं तेव्हा कळलं. ताई नव्या नवरी असताना वर्षाच्या आंब्याच्या लोणच्याला बुरशी आली होती आणि भरलेली बरणी उकिरड्यावर ओतावी लागली होती. "अडचणीत असताना शिवलीस," आत्या म्हणाल्या. ताई म्हणाल्या, नव्हते. पण नव्या सुनेचं कोण ऐकतं? "हिच्या हाताला लोणचं लागत न्हाई," असा निकाल लागला आणि त्या दिवसापासून ताईंचा हात बरणीला लागला नाही. कैऱ्या फोडायच्या त्यांनी, मोहरी कुटायची त्यांनी, हिंगाची फोडणीही करायची त्यांनीच. कालवून बरणी भरायची मात्र आत्यांनी. मी आल्यावर आत्यांनी तो मान मला दिला. मला तो मान वाटला नाही, पण मी भरत राहिले.

आत्या वाईट नव्हेत, हेही सांगितलं पाहिजे. ताईंना टायफॉइड झाला होता तेव्हा पेज करून चमच्यानं भरवणाऱ्या आत्याच होत्या. बाळंतपणात त्यांनी ताईंना खाली पायसुद्धा टेकू दिला नव्हता. पण बरणीचा विषय निघाला की त्यांचं तोंड घट्ट मिटायचं. ताईही पुन्हा कधी भांडल्या नाहीत. एकदाच कांदे निवडताना म्हणाल्या, "सगळं करून बघितलं गं... पर एकदा आत्यांनी माझ्या हातचं लोणचं ताटात घ्यावं, एवढं वाटतं." आणि लगेच, "जाऊ दे, लोणच्यापायी काय रडायचं," म्हणून हसल्या. मला रडूच आलं होतं, मी ते कांद्यावर ढकललं.

मग यांच्या कंपनीच्या बोनसमधून राहूच्या घरी मोठा फ्रिज आला आणि मोबाइलवर ताईंना कुठल्याशा बाईचा व्हिडिओ सापडला. तोडे संपले की टोमॅटोच्या वेलावर हिरवी, पोपटी फळं राहतात. बाजारात त्यांना कुणी विचारत नाही, प्लॉट उपटला की ती शेळ्यांपुढे जातात. ताईंनी पदराचा ओटा भरून ती आणली. गोल चकत्या केल्या, काचेच्या बाटलीत लसणाच्या पाकळ्या आणि उभी चिरलेली मिरची घालून दाबून भरल्या. व्हिनेगर, पाणी, मीठ, जराशी साखर आणि अख्खी मोहरी उकळून वरून ओतली. गार झाल्यावर बाटली फ्रिजच्या दारात. दोन दिवस उघडायची नाही. तेल नाही, उन्हं नाहीत, बरणीच्या तोंडाला फडक्याचा दादरा बांधणं नाही. आठ-पंधरा दिवसांत संपवून टाकायचं. मी म्हटलं, "ताई, हे टिकणार नाही हो." त्या म्हणाल्या, "टिकायचंच न्हाई त्याला! मग माझ्या हाताची भीती कशाला?" इतक्या खुशीत मी त्यांना क्वचितच पाहिलं असेल.

तिसऱ्या दिवशी झाकण उघडलं. आंबट, कुरकुरीत, मिरचीचा झटका. आम्ही दोघींनी उभ्या उभ्या निम्मी बाटली फस्त केली. ताईंनी एका वाटीत चार चकत्या घालून आत्यांच्या ताटाशी ठेवल्या. आत्यांनी वाटी बाजूला सारली. "फ्रिजातलं कसलं लोणचं? बरणीतलं आण." ती वाटी थोरल्या दिरांनी संपवली. दर हंगामाला हेच होत राहिलं, ताई वाटी ठेवायच्या आणि आत्या सारायच्या. चव वाईट आहे असं आत्या एकदाही म्हणाल्या नाहीत, म्हणणार कशा, कधी चाखलंच नव्हतं! मी चिडायचे. ताई मात्र पुढच्या वेळी पुन्हा वाटी ठेवायच्या. व्हिनेगर दौंडहून मी आणायचं, बाटल्या जॅमच्या, कॉफीच्या, जिथून मिळतील तिथून. आळीतल्या कुणाचं बाळंतपण असो, कुणाच्या तोंडाला चव नसो, ताईंची बाटली पोचलेली असायची.

दहाव्याला नदीवर पिंड ठेवून माणसं बाजूला सरली न सरली, तोच कावळा शिवला. बायका कुजबुजल्या, "भाग्याची बाई. कशात जीव अडकला न्हाई." आत्यांनी डोळ्यांना पदर लावला. मला मात्र त्या कावळ्याचाच राग आला. एवढी कसली घाई होती मेल्याला? जरा अडून बसला असता, तर कुणीतरी विचारलं असतं, हिची काय इच्छा राहिली? मी सांगितलं असतं... आता कुणी विचारणार नव्हतं. मी घरी आले.

तेराव्यानंतर आळीतल्या बायका ताईंच्या बाटल्या परत करायला लागल्या. दुसऱ्याचं भांडं आपल्यात रिकामं परत देत नाहीत, म्हणून कुणी शेंगदाणे घालून आणले, कुणी हुलगे, कुणी मूठभर तांदूळ. समोरची पारू आली, पलीकडच्या गल्लीतली मास्तरीणबाई आली, मेंढरं विकून शेतीला लागलेल्या आप्पांची सून पार मळ्यातून चालत आली. "काकूंची बाटली राहिली होती," म्हणायची आणि रडायला लागायची. आत्या ओसरीवर बसून हे बघत होत्या. त्यांच्या शेजारी बाटल्यांची रांग वाढत गेली. संध्याकाळी त्या मला म्हणाल्या, "येवढ्या घरी जायचं व्हय हे?"

"व्हय आत्या."

त्यांनी रांगेतली एक बाटली उचलून पदरानं पुसली. मग म्हणाल्या, "फ्रिजात हाय का त्यातलं?"

होतं. शेवटच्या तोड्याबरोबर आलेल्या हिरव्यांचं, ताईंनी भरलेलं, पंधरा दिवस उलटले तरी चांगलं राहिलेलं, फ्रिजच्या दारात. मी वाटीत चार चकत्या घातल्या. आत्यांनी भाकरीच्या तुकड्याबरोबर एक चकती खाल्ली, मग दुसरी. चारही संपवल्या. दुसऱ्या दिवशी वाटी त्यांनीच पुढे केली, तिसऱ्या दिवशीही. बाटली संपली, तेव्हा तळाचा आंबट खारसुद्धा त्यांनी भाकरीवर ओतून घेतला. मी वाट बघत होते, एक शब्द तरी बोलतील म्हणून. त्या ताट धुवायला उठून गेल्या.

प्लॉट दुखवट्यात तसाच उभा राहिला होता. थोरल्या दिरांनी शेवटी तो उपटला आणि हिरवी फळं घमेल्यात आणून ओट्यापाशी ठेवली. माझी पिशवी अजून खुंटीलाच होती. मी व्हिनेगर बाहेर काढलं. ताई करायच्या तसंच सगळं केलं, त्यांचीच कॉफीची बाटली घेतली, त्यांच्यासारखीच दाबून भरली, दोन दिवस उघडली नाही. तिसऱ्या दिवशी आत्यांच्या ताटाशी वाटी ठेवली आणि समोर बसून राहिले.

आत्यांनी चकती चावली. सावकाश खाल्ली. "बरं झालंय," म्हणाल्या. मग भाकरी मोडता मोडता त्यांचा हात थांबला.

"पर रंजीच्या हाताचं न्हाई."

मी गर्रकन ओट्याकडे, ताई उभ्या असायच्या तिकडे, वळले. "ताई, ऐकलंत का," असं म्हणायला माझं तोंड उघडलंसुद्धा होतं.