दोन आकड्यांचं मीटर

नव्या घरातल्या मीटरला दोन आकडे होते. वरचा दिवसभर मुंगीच्या पावलाने सरकायचा. खालचा मनात आलं की धावायचा आणि मनात आलं की मेल्यासारखा पडून राहायचा. दोघांच्या मधे चोवीस तासांच्या घड्याळाची एक वाटोळी तबकडी होती, कडेला बारीक खिळे टोचलेली. ती इतकी सावकाश फिरायची, की फिरते आहे यावर नुसता विश्वास ठेवावा लागे. कवळीवाले रोज सकाळी तोंड धुतलं की मीटरसमोर उभे राहत, दोन्ही आकडे एका पाठकोऱ्या कागदावर उतरवून घेत आणि त्यांतून कालचे वजा करत. उत्तर येई. त्याचा अर्थ येत नसे.

चाळीस वर्षं लोकांचे खोटे दात बनवत आल्यामुळे त्यांचं खरं नाव बायकोखेरीज कुणाच्या लक्षात राहिलं नव्हतं. गुडघे कुरकुरायला लागले तेव्हा दोघांनी तिसऱ्या मजल्यावरचं भाड्याचं घर सोडलं आणि हे तळमजल्यावरचं घेतलं. दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि मागे एक चिंचोळी खोली. त्या चिंचोळ्या खोलीत त्यांनी आपलं काम मांडलं. भिंतीत प्लगची बटणं मुबलक होती. काहींच्या कडा पांढऱ्या होत्या, काहींच्या लाल. त्यांना लाल बरं दिसलं, म्हणून तेच वापरायला घेतलं.

काम एका दातांच्या डॉक्टरीणबाईंकडून येई. आधी तिच्या वडिलांकडून येत असे. ती मापं पाठवायची. हे मेणात दात बसवायचे, साचा करायचे, मेण वितळवून काढायचे आणि त्या पोकळीत गुलाबी लगदा भरायचे. पूड आणि एक उग्र वासाचं औषध कालवून हा लगदा होतो. तो बोटाला चिकटायचा थांबला की भरायचा. आधी नाही, नंतरही नाही. मग पितळी डबी आवळून विजेवरच्या स्टीलच्या हंड्यात, बेताच्या गरम पाण्यात आठ तास ठेवायची. शेवटी गॅसवर तासभर उकळी. आठ तासांत लगद्याचा हळूहळू दगड होतो. कच्चा असताना उकळला, किंवा वेळेआधी भरला, तर आत बुडबुडे धरतात आणि कवळी हातात घेतली की ती भोकाभोकांची, आजारी दिसते.

त्यांच्या उस्तादांनी एक गोष्ट चापट्या मारून शिकवली होती. हंड्याचं झाकण मधे उघडायचं नाही. पाणी दचकतं, म्हणायचे. सकाळी आठला झाकायचं, दुपारी चारला उघडायचं. चाळीस वर्षांत कवळीवाल्यांनी ते मधे उघडलं नव्हतं. हंड्यावरचा छोटा दिवा कधीचा गेला होता आणि तो बदलावा असं त्यांना वाटलं नव्हतं, कारण जे बघायचंच नाही त्याला दिवा कशाला.

नव्या घरात आल्यापासून तीन कवळ्या बिघडल्या.

पहिलीत बुडबुडे निघाले तेव्हा ते पुडीला बोलले. दुसरीत निघाले तेव्हा औषधाला. तिसरी त्यांनी खिडकीशी नेऊन उजेडात धरली आणि कुणालाच काही बोलले नाहीत. चारला उघडलं तेव्हा पाणी गरम होतं. तापमापक म्हणत होता सगळं ठीक आहे. मग ठीक काय नव्हतं?

डॉक्टरीणबाईंचा फोन आला. आवाज नेहमीपेक्षा मऊ होता, आणि त्यालाच ते घाबरले.

"काका, तब्येत बरी आहे ना?"

"माझी? उत्तम."

"नाही म्हणजे... डोळे वगैरे तपासलेत का एवढ्यात? रागावू नका. तीन पेशंट परत आले. एक आजोबा तर म्हणाले, हे दात आहेत की चाळणी."

"पुढची नीट होईल."

"ही चौथी करा. सावकाश करा. नाहीतर काका, मी बाहेरून करून घेईन थोडे दिवस. तुम्हीही आराम करा. केलंत की पुष्कळ."

फोन ठेवल्यावर ते बराच वेळ आपला उजवा हात उलटापालटा करून बघत बसले. हात तोच होता. पण तोच असल्याचं सांगणारंही दुसरं कुणी नव्हतं, तो हातच होता.

त्या दिवसांत मीटर त्यांना बरं वाटायचं, कारण तिथलं कोडं निदान भिंतीवर होतं. पहिलं बिल आलं. त्यात दोन रकाने, दोन दर आणि खाली एक वाक्य: दुसऱ्या लाइनचा वापर मंजूर वेळेतच. त्यांनी वीज कचेरीला फोन लावला.

"दुसरी लाइन म्हणजे कोणती हो?"

"तुमची दुसरी," पलीकडची बाई म्हणाली.

"ती आहे कुठे?"

"तुमच्याच घरात असणार ना. आमच्याकडे कशी असेल?"

"आणि मंजूर वेळ कोणती?"

"रात्री दहा ते सकाळी सात. दुपारी एक ते चार."

"पण मीटरमधलं घड्याळ वेगळंच दाखवतं. बाहेर आठ वाजतात तेव्हा त्यात सहा."

"इथे कॉम्प्युटरवर बरोबर दिसतंय."

"बाई, घड्याळ माझ्यासमोर आहे."

"हो, पण कॉम्प्युटर माझ्यासमोर आहे ना."

बायको दाराशी उभी राहून ऐकत होती. ती आयुष्यभर शाळेच्या कचेरीत कारकून होती आणि अशा संभाषणांत तिचा जीव रमायचा.

"अहो, तिला विचारा, तुमच्या कॉम्प्युटरवर आमचं घर तरी दिसतंय का," ती म्हणाली. "दिसत असेल तर म्हणावं, माझा चष्मा कुठे आहे तेही सांगा."

ते हसले नाहीत. त्यांच्या डोक्यात एकच फिरत होतं: दिवसाचे काही तास कुणीतरी मंजूर करतं, काही तास करत नाही, आणि आपण कोणत्या तासांत जगतो आहोत ते आपल्याला सांगितलेलं नाही.

चौथी कवळी त्यांनी सोमवारी सकाळी हंड्यात ठेवली. आठला झाकण लावलं, वर जाड पंचा घातला, आणि पुढच्या खोलीत येऊन बसले. काही करण्यासारखं नव्हतं. अकराच्या सुमारास दारावर थाप पडली. पोट सुटलेला, नाकाच्या शेंड्यावर चष्मा घेतलेला मीटरवाला आकडे टिपायला आला होता.

"अरे वा," मीटर बघून तो म्हणाला, जणू जुना मित्र भेटला. "दोन लाइनींचं! आता नवीन देत नाहीत कुणाला हे. आधीचे मालक पाण्याची मोठी टाकी तापवायचे ना, त्यांनी घेतलं असणार. लाल कडेची बटणं आहेत का घरात?"

"आहेत," बायको म्हणाली.

"ती सगळी या खालच्या आकड्यावर. स्वस्तातली. पण चोवीस तास नाही मिळत. आत्ता बघा, बंद आहे."

"बंद कसं असेल?" कवळीवाले म्हणाले. "मागे माझा हंडा चालू आहे. लाल बटणावर."

"नाही चालणार."

"अहो, सकाळपासून चालू आहे."

"काका, खालचा आकडा बघा. हलतोय का? हंडा चालू असता तर पळाला असता."

"चार वाजता मी उघडतो तेव्हा पाणी गरम असतं. रोज."

"चार वाजता असेल. आत्ता नसेल."

"आत्ता उघडायचं नसतं!" ते एवढ्या जोरात म्हणाले की मीटरवाला पायरीवरून मागे सरला.

बायकोने एकदा नवऱ्याकडे, एकदा मीटरवाल्याकडे पाहिलं. मग ती मागच्या खोलीत गेली. पंचा ओढल्याचा आवाज आला, त्यानंतर झाकणाचा. कवळीवाले जागचे उठले आणि तसेच अर्धवट उभे राहिले. देवघरात चप्पल घालून कुणी गेलं असतं तर त्यांना एवढं लागलं नसतं.

"अहो," आतून आवाज आला, "हे तर अंघोळीलासुद्धा चालणार नाही."

त्यांनी जाऊन पाण्यात हात घातला. कोमट. चाळीस वर्षांत त्यांनी अकरा वाजताचं पाणी पाहिलंच नव्हतं.

मीटरवाल्याने पाण्याचा पेला मागून घेतला आणि उभ्या उभ्याच समजावलं. घड्याळ दोन तास मागे पडलेलं. म्हणजे सातला जायची ती लाइन नऊला जाणार, दुपारी एकला यायची ती तीनला येणार. आठला लावलेल्या हंड्याला एक तास वीज, मग सहा तास काही नाही, मग तीनला परत धग. चारला उघडलं की पाणी गरम. आणि आत डबीत लगदा अर्धाकच्चा, सरळ उकळीत जायला निघालेला.

"घड्याळाची तक्रार लिहितो मी," तो म्हणाला. "पण कचेरीत म्हणतील कॉम्प्युटरवर बरोबर आहे. तुम्ही आपला पांढरा प्लग वापरा."

तो गेला तशी बायकोने टाळी वाजवली. "मीटर! मेलं मीटर! आणि मी तुम्हाला डोळ्यांच्या डॉक्टरकडे न्यायला निघाले होते. लावा फोन डॉक्टरीणबाईंना."

कवळीवाल्यांनाही हसू आलं. छातीवरचं काहीतरी उतरलं होतं. ते खुर्चीत टेकले, आणि तिथेच त्यांना दुसरी कवळी आठवली.

"तुझी बहीण आली होती तेव्हा मागच्या खोलीत कोण झोपलं होतं?"

"तीच. चार दिवस."

"मग हंडा कुठे होता?"

बायकोची टाळी हवेतच राहिली. हंडा स्वयंपाकघरात होता. ओट्याशेजारच्या पांढऱ्या प्लगवर, जिथे वीज एक मिनिटही जात नव्हती. त्या कवळीला पूर्ण आठ तास मिळाले होते, आणि तरी ती भोकाभोकांची निघाली होती.

"असेल काहीतरी," ती म्हणाली. "कुणी विचारलंय?"

ते उठले. डबी उघडून कच्चा लगदा टाकून दिला, नवीन पूड कालवली. भांडं झाकून थांबले. काही वेळाने उजव्या हाताची तर्जनी लगद्याला लावून उचलली. बोट स्वच्छ सुटलं असं त्यांना वाटलं.

"इकडे ये," ते बायकोला म्हणाले. "बोट लाव."

"मी? मला काय कळतंय त्यातलं?"

"कळायचं नाहीये. नुसतं लाव."

तिने लावलं. बोट वर घेताना लगद्याचे बारीक धागे मागे ताणले गेले, कोळिष्टकासारखे. तिने त्यांच्या बोटाकडे पाहिलं. त्यालाही धागे लोंबत होते. त्यांच्या बोटाला ते कळलेच नव्हते.

मग ती दर थोड्या वेळाने बोट लावत गेली, आणि एकदा म्हणाली, "आता नाही चिकटत." तेव्हा त्यांनी भरलं. हंडा स्वयंपाकघरात, पांढऱ्या प्लगवर गेला.

कवळी निघाली ती काचेसारखी नितळ. एक बुडबुडा नाही. डॉक्टरीणबाईंचा तिसऱ्या दिवशी फोन आला, आणि या वेळी आवाज मोकळा होता.

"काका, क्या बात है! काकूंनी सांगितलं मला मीटरचं. काय एकेक प्रकार असतात! म्हणजे सगळं त्या मीटरमुळे होतं तर."

फोन मोठ्या आवाजाचा होता. बायको समोर बसून ऐकत मान डोलावत होती: हो म्हणा, हो म्हणा.

"दोन कवळ्या मीटरमुळे," कवळीवाले म्हणाले. "मधली माझ्यामुळे."

"म्हणजे?"

"लगदा तयार झाला की नाही, ते माझ्या बोटाला कळेनासं झालंय. लवकर भरला मी."

पलीकडे कुणीतरी खुर्ची सरकवली.

"मग ही चौथी? ही तर सुरेख आहे."

"ही हिच्या बोटाने झाली."

फोन कटला की काय, म्हणून त्यांनी तो कानापासून दूर धरून पाहिला आणि परत लावला.

"शुक्रवारी एक माप पाठवते," शेवटी ती म्हणाली. "एकच. काकू आहेत ना घरी शुक्रवारी?"

"मला विचारलंय का कुणी?" बायको म्हणाली, फोनला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने. "मी रिटायर झालेय म्हटलं."

फोन ठेवल्यावर काम राहिलं की गेलं ते कवळीवाल्यांना नीट उमगेना. बायको चहा ठेवायला आत गेली. ते बसल्या जागी टेबलाच्या कडेला बोट लावून बघू लागले, मग खिडकीच्या गजाला, मग स्वतःच्याच दुसऱ्या तळव्याला. प्रत्येक वेळी काहीतरी लागत होतं. किती, ते सांगता येत नव्हतं.