ठाण्यासमोरचा पंच

आमचं किराणा दुकान पोलीस ठाण्याच्या अगदी समोर, म्हणून नव्वदच्या दशकात गावातला कायमचा पंच मीच. वर्धा जिल्ह्यात दारूबंदी. कुठं धाड पडली की जमादार लिहिलेला पंचनामा घेऊन दुकानात यायचे आणि मी काही न पाहता, न वाचता, तराजूशेजारी कागद ठेवून सही ठोकायचो. शेजारधर्म म्हणे!

एका खटल्यात साक्षीला वर्ध्याच्या कोर्टात गेलो. पिंजऱ्यात एक बाई उभी होती. जामीनदार न मिळाल्यानं चार महिने तुरुंगात होती. तिच्या झोपडीत माझ्यासमोर मोहाची दारू सापडली, असं पंचनाम्यात होतं. मी तर तिलाच पहिल्यांदा पाहत होतो. माझी मलाच चीड आली. "साहेब, मी झोपडीत गेलोच नाही. सही दुकानात बसून केली," मी सांगून टाकलं. सरकारी वकिलानं मला फितूर ठरवलं. बाई निर्दोष सुटली.

मी स्वतःवर भलताच खूश होतो. आठवड्यानं ती दुकानात आली.

"कोर्टात खरं बोलले तुम्ही, भाऊ. पण माही पोरगी चार महिने लोकाइच्या दारात जेवली. सही कराच्या आंधी एकडाव येऊन काऊन नाई पाह्यलं?"