माझ्यासाठी निघालेलं शिष्टमंडळ

‘ऑर्डर आली आहे,’ असं मी बायकोला सांगितलं तेव्हा ती कोलंबी सोलत होती. शांतिसेनेबरोबर आफ्रिकेत जायचं, वर्षभरासाठी. तिचा हात थांबला नाही. ‘कधी?’ एवढंच तिने विचारलं. पुढच्या महिन्याच्या शेवटी, मी म्हणालो. सोललेली कोलंबी तिने धुतली, पुन्हा एकदा धुतली आणि ओट्यावरचा मोबाइल कोपराने माझ्याकडे सरकवला. ‘आबांना लावा.’

मी राखीव दलातला फौजी आहे. म्हणजे वर्षातले दहा महिने जासईजवळच्या एका कंटेनर यार्डात मशिनं दुरुस्त करतो आणि दोन महिने वर्दी घालून कॅम्पात जातो. लग्न उशिरा झालं, त्यामुळे चाळिशी उलटल्यावर घरात पाच वर्षांची मुलगी आणि आठ महिन्यांचा मुलगा. देशाबाहेर जायची वेळ आमच्यासारख्यांवर सहसा येत नाही. आलीच तर विचारून येते. हे शेवटचं मी घरी कधी बोललो नव्हतो.

झालं होतं ते असं. कॅम्पात सकाळच्या फॉलिनला, म्हणजे हजेरीच्या रांगेत, सुभेदारसाहेबांनी सांगितलं की शांतिसेनेच्या तुकडीला जड गाड्यांचे मेकॅनिक हवे आहेत, कोणाची तयारी आहे? माझ्या शेजारचा बुटांकडे बघत होता. त्याच्या शेजारचाही. मी पुढे झालो. कोणी नाव घेतलं नव्हतं, कोणी ढकललं नव्हतं. दोन दिवसांनी सहीही करून दिली. पनवेलला येणाऱ्या एसटीत बसल्यावर मात्र घरी काय सांगायचं हा प्रश्न उभा राहिला, आणि घाट उतरता उतरता मला ‘ऑर्डर’ हा शब्द सुचला. सुचला तेव्हा बरं वाटलं, हेही सांगून टाकतो.

सासरे दुसऱ्या दिवशी सकाळीच करंजाड्याला आमच्याकडे आले, गावातल्या दोघांना घेऊन. उरणच्या बाजूचं त्यांचं गाव. मिठागर बंदरात गेलं, भाताची खाचरं नव्या शहरात गेली. उमेदीची सगळी वर्षं त्यांनी मोर्च्यांत आणि सरकारी ऑफिसांच्या पायऱ्यांवर काढली. त्या वेळी लाठी बसलेला खांदा अजून वर होत नाही. सरकारकडून काहीही आलं की त्यांच्या लेखी उपाय एकच: हरकत घ्यायची, मुदतीत घ्यायची आणि एकट्याने घ्यायची नाही.

‘नोटीस बगू,’ ते म्हणाले.

फौजेत अशी नोटीस नसते, मी म्हणालो.

‘नोटीस नाय, तं सही कशावर घेतली तुमची?’

पाण्याचा तांब्या माझ्या हातात होता. तो मी खाली ठेवला. सही अजून नाही घेतली, असं म्हणालो. एका खोट्याला आता दुसरं लागलं.

‘मंग बरां हाय. सही देव नका. बाकी आमी बगताव.’

ही जमीन नाही, फौज आहे, असं मी त्यांना हसत हसत समजावायला गेलो. ते हसले नाहीत. तवा बी लोक असंच बोलायचे, म्हणाले, की सरकार हाय, त्याच्याशी कोन लडनार. आणि पिशवीतून आणलेले खेकडे लेकीच्या हाती देऊन ते गेले.

पुढचे दिवस फार वाईट गेले. बायको रागावली असती, भांडली असती, तर मला ते झेपलं असतं. ती माझ्या बाजूने उभी राहिली. माझ्याशी इतकी मऊ ती आमच्या लग्नाच्या वर्षातही वागली नव्हती. पिवळ्या तापाची लस घेऊन आलो आणि संध्याकाळी अंग कसकसलं, तर पांघरूण घालताना म्हणाली, ‘काय काय टोचतात तुम्हाला. माणसं आहात की गुरं.’ फोनवर बहिणीला सांगत होती की यांच्यात बोलायची ताकद नाही, हे गप्प बसून सोसणारे आहेत. मी आतल्या खोलीत ते ऐकत होतो. मुलीला तिने सांगितलं की सरकार बाबाला लांब नेतंय. तेव्हापासून मुलगी सरकारवर चिडली होती. सोसायटीच्या वॉचमनला तिने बजावून ठेवलं की सरकार आलं तर गेट उघडू नका. वॉचमनने ते मला कौतुकाने सांगितलं. मी त्याच्याकडे बघून हसलो.

तोंड उघडायचं मी रोज ठरवत होतो. यार्डातून निघताना शब्द जुळवायचो, जिना चढताना ते पक्के करायचो. तिने दार उघडून हातातला डबा घेतला की संपलं.

मग एका शनिवारी सकाळी खालून हॉर्न वाजला. गॅलरीतून बघितलं तर टेम्पो ट्रॅव्हलर. पुढे सासरे, मागे गावातली दहा-बारा माणसं, त्यात चार बायका. मागे वळलो तर बायको चपला घालून तयार. बाळ कडेवर, खांद्याला त्याची पिशवी. मुलीला शेजारी ठेवून झालं होतं. घाटावर आमच्या पलटणीचं ऑफिस आहे, तिथे साहेबांना भेटायला हे शिष्टमंडळ निघालं होतं. निवेदन टाइप करून झालं होतं. लहान मुलांचा बाप आहे, त्याला परदेशी पाठवू नये, अशी विनंती.

‘आधी सांगितलं असतं तर तुम्ही नको म्हणाला असता,’ ती म्हणाली.

गेटच्या आत सोडणार नाहीत, मी सासऱ्यांना सांगून बघितलं. मग गेटवर बसू, ते म्हणाले, बसायची सवय हाय आमाला. त्यांनी शेजारची सीट माझ्यासाठी राखली होती. मी बसलो.

गाडी एक्स्प्रेसवेला लागली. पुढे काय होणार ते मला दिसत होतं. साहेब सभ्य माणूस आहेत. ते सगळ्यांना बसवतील, चहा सांगतील, निवेदन वाचतील आणि चष्मा काढून विचारतील, पण याने तर स्वतःहून नाव दिलंय? माझ्या बायकोसमोर, मूल तिच्या मांडीवर असताना. मागे मात्र सहलीला निघाल्यासारखं वातावरण होतं. भाकऱ्या आणि सुकटीची चटणी फिरत होती. बायकोची चुलती मागून ओरडून म्हणाली, ‘जावयबापू, तिकडं म्हावरा मिलतां का?’

‘नसंल मिलत तं निवेदनात घाला,’ एक म्हातारा म्हणाला, आणि गाडीभर हशा पिकला. मीही हसलो. असं मी त्या महिनाभरात बरंच हसलो.

घाट चढायच्या आधी चहाला थांबलो. माणसं टपरीकडे गेली. बायको गाडीच्या सावलीत बाळाचं तोंड पुसत होती. मला वाटलं, आता नाही तर घाटावर साहेबच सांगतील.

‘ऑर्डर आलेली नाही,’ मी म्हणालो. ‘त्यांनी विचारलं कोण जाणार. मी हो म्हणालो.’

ती बाळाचं तोंड पुसतच राहिली. ते केव्हाच स्वच्छ झालं होतं.

‘पैशासाठी?’

‘नाही.’

‘मग?’

आणि मग मी ते सांगितलं, जे आजवर कोणालाच सांगितलं नव्हतं. बाळ तीन महिन्यांचं होतं. ती आंघोळीला गेली होती, बाळ माझ्या हातात होतं. प्यायलेलं दूध उलटून त्याच्या श्वासात गेलं. आवाज बंद झाला, ओठ निळे पडले. आणि मी नुसता उभा राहिलो. हाक मारायलाही तोंड उघडलं नाही. ती कशाला तरी बाहेर आली, ओल्या केसांनी, तिने त्याला माझ्या हातून ओढून पालथं केलं, पाठीवर थापटलं आणि ते रडलं. ‘होतं असं,’ म्हणाली आणि परत आंघोळीला गेली. तिच्यासाठी ते तिथेच संपलं. माझ्यासाठी संपलं नाही. तेव्हापासून बाळाजवळ एकटं राहायची वेळ आली की मी काम काढून बाहेर पडायचो. यार्डात ओव्हरटाइम मागून घ्यायचो. फॉलिनमध्ये सुभेदारसाहेबांनी विचारलं तेव्हा माझ्या मनात देश नव्हता, शांती नव्हती. तिथे माझ्या हातात कोणी मूल देणार नाही, एवढंच होतं.

‘मला वाटलं तुम्ही ते विसरलात,’ ती म्हणाली. मग टपरीकडे बघितलं. ‘आणि मी एवढी माणसं गोळा करून आणली.’

मी तिच्या खांद्यावरची पिशवी घ्यायला गेलो, ती तिने दिली नाही.

‘आबांना तुम्ही सांगायचं. सगळ्यांसमोर. माझ्यावर टाकायचं नाही.’

सांगितलं. चहाचे ग्लास हातात धरून सगळे उभे होते, त्यांच्यासमोर. वाक्यं दोनच होती. सासऱ्यांनी ग्लास बाकावर ठेवला.

‘म्हंजे तू संमती दिलीस,’ ते म्हणाले.

इतक्या वर्षांत त्यांनी मला ‘तू’ म्हटलं नव्हतं. आणि संमती हा शब्द त्या गावात साधा नाही. जमिनीच्या लढ्यात एक जण रोज यांच्याबरोबर धरण्याला बसत होता, घोषणा देत होता आणि आतून संमती देऊन मोकळा झाला होता. त्याच्या घरच्या लग्नाला गाव अजून जात नाही. सगळ्यांना तोच आठवला असणार. निदान मला तरी तो आठवला.

‘आमी तुज्यासाटी बसनार व्हतो. गेटवर. या वयात,’ सासरे म्हणाले. आवाज चढवला नाही. तो चढला असता तर बरं झालं असतं. ड्रायव्हरला म्हणाले, ‘गाडी फिरव.’

मी मागच्या सीटवर पिशव्यांपाशी बसलो. गाडी करंजाड्याकडे परत निघाली. चुलतीने मध्येच भाकरीचा तुकडा माझ्याकडे मागे सरकवला, तोही माझ्याकडे न बघता.

सासरे वर आले नाहीत. गाडीतूनच लेकीला म्हणाले, ‘तुला यायचा असंल तं घर हाय.’ ‘माहीत हाय, आबा,’ ती म्हणाली आणि जिना चढू लागली.

नाव मागे घ्यायला सोमवारपर्यंत वेळ होता. तेही मी तिला सांगितलं, आता लपवायला काही उरू नये म्हणून. बाळाला पाळण्यात ठेवून ती समोर बसली. ‘मी जा म्हणणार नाही आणि नकोही म्हणणार नाही,’ ती म्हणाली. ‘मला न विचारता ठरवलंत ना, मग आताही तुम्हीच ठरवा. पण खरं सांगा. जायचंय?’

मी गेलो नाही तर दुसऱ्या कोणाला तरी जावं लागेल, असं म्हणता आलं असतं. शब्द दिलाय, असंही म्हणता आलं असतं. सांगून झाल्यावर बाळाला हातात घ्यायची भीती जाईल असं मला वाटलं होतं. ती गेली नव्हती.

‘जायचंय,’ मी म्हणालो.

तिने मान हलवली. रडली नाही. ‘सरकार नेतंय हे मुलीला मी सांगितलं, ते आता तुम्ही खोडा,’ एवढं म्हणून ती स्वयंपाकघरात गेली.

मुलगी शेजारून आली ती खडूने बरबटलेले हात घेऊन. मी तिला समोर बसवलं. सरकार मला नेत नाहीये, मी म्हणालो, कोणीच नेत नाहीये. मीच जातोय, वर्षाने येणार.

‘मग नको ना जाऊ,’ ती म्हणाली.

तिच्या हिशेबाने प्रश्न सुटला होता. स्वयंपाकघरात भांड्यांचा आवाज थांबला होता, पण माझ्या मदतीला कोणी बाहेर आलं नाही.

‘मी जाणार आहे,’ मी म्हणालो.

ती माझ्याकडे बघत राहिली. मग उठली आणि तक्रार घेऊन आत पळाली. ‘आई, बाबाला कोणी नाही सांगितलं. तो स्वतःच जातोय.’



‘माहितीये मला,’ बायको म्हणाली. ‘हात धुऊन या दोघं.’