बहारीनच्या बाजारातला खलास झालेला दगड

नव्वदच्या दशकात लोक बहारीनहून सोनं आणायचे. मी गेले दगड बघायला. माझे वडील, अण्णा, तिथे बरीच वर्षं गवंडी होते. त्यांनी बांधलेल्या इमारती एकेक करून पाडल्या गेल्या. उरला होता मनामाच्या बाजारातला एक जुना दगडी खांब, ज्याचा फुटलेला कोपरा त्यांनी सांधला होता. तोही आता काढणार, असं कुणीतरी त्यांच्या कानावर घातलं. "बाकी काही नको. तो उभा आहे का बघ आणि फोटो आण," म्हणाले.

माझा भाऊ दिलीप मीना सलमान बंदरातल्या गोदामात कामाला, राहायला मनामातल्याच नईम वस्तीत. व्हिजिट व्हिसा त्यानेच काढला. नईमहून बाजार पायी गाठता येतो, टॅक्सीच्या भानगडीत पडू नका. सकाळी लवकर निघा. वाटेत शंभर फिल्सला चहा मिळतो, त्यात चहा शोधावा लागतो इतकी साखर असते.

खांबाबद्दल तिघांना विचारलं, चार इतिहास मिळाले. त्यावर चढून खजुराचा लिलाव पुकारत म्हणे, नाहीतर हमाल त्यावर ओझं टेकवत. खांब मात्र दिसेना. चौकात नुसते पत्रे ठोकलेले. समोर इस्माईलचाचांचं कापडाचं दुकान. चाचा मूळचे राजापूरचे, पंचवीस वर्षं इथेच.

"चाचा, इथला दगड?"

"दगड? खलास!" कापड मोजतामोजता ते म्हणाले.

मला रडूच आलं. तडक बूथवरून गावच्या वाण्याकडे फोन लावला, अण्णांना बोलावलं आणि सांगून टाकलं, "अण्णा, दगड खलास झाला." ते "बरं" म्हणाले आणि फोन ठेवला.

माझी पिशवी चाचांच्या दुकानातच राहिली होती. ती घ्यायला गेले, तर माझे डोळे बघून चाचा चपापले. "अगो, रडतेस कशाला? दुरुस्तीचं काम खलास! इथे काम पुरं झालं की खलासच म्हणतात. दगड आहे जागेवर. उद्या पत्रे काढतील."

पुन्हा फोन. वाणी म्हणाला, "अण्णा येत नाहीत. जेवलेही नाहीत. दगड आहे म्हणून निरोप देतो, पण त्यांना पटेलसं वाटत नाही."

दुसऱ्या दिवशी पत्रे निघाले. घासूनपुसून नवाकोरा केलेला प्राचीन खांब, भोवती कठडा आणि 'हात लावू नये' अशी पाटी. एकच कोपरा काळपट होता. मी तिथल्या मल्याळी सुपरवायझरला विचारलं.

"वो पुराना कारीगरी है, मॅडम. उसको टच नहीं किया."

पुराना कारीगर देवरुखला उपाशी बसलाय, हे मी त्याला सांगितलं नाही. फोटोंचा अख्खा रोल त्या कोपऱ्यावर संपवला.

घरी आल्यावर अण्णांनी चष्मा पुसला आणि फोटो उजेडात धरला.

"वाकडा बसलाय."

"काय?"

"कोपरा. मुकादम यल्ला यल्ला, आटप आटप करत डोक्यावर उभा होता. मागाहून सरळ करीन म्हटलं, ते राहिलं."

"आता जमायचं नाही. हात लावायला बंदी आहे."

अण्णांनी फोटो भिंतीला टेकवून सरळ केला. मग आईला म्हणाले, "वाढ गं. भूक लागलीय."